कोट काचेत, कागद माळ्यावर

आमच्या वाळवा तालुक्यात मोठा माणूस गेला की महिनाभरात स्मारक समिती स्थापन होते. पुतळा ब्राँझचा की फायबरचा यावर बैठका झडतात, जागेचा प्रश्न नगरपालिकेत जातो आणि यथावकाश फीत कापली जाते. आत काचेच्या कपाटात कोट, चष्मा, काठी, फेटा आणि जमलंच तर पेन. कपाटाला कुलूप. त्या माणसाने आयुष्यभर लिहिलेल्या डायऱ्या, त्याला आलेली पत्रं, हिशेबाच्या वह्या कुठे आहेत असं समितीला विचारलं, तर "घरी असतील की" असं उत्तर येतं. घरी विचारलं तर माळ्याकडे बोट जातं.

मी इस्लामपुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. (2025 मध्ये शहराचं नाव ईश्वरपूर करायचं ठरलं. माझ्या तोंडी अजून जुनंच नाव बसलंय, आणि मी ज्या कागदांबद्दल लिहितेय त्यांच्यावरही उरुण नाहीतर इस्लामपूर असंच आहे.) निवृत्त झाल्यापासून लोक मला ट्रंका उघडायला बोलावतात. कुणाचे आजोबा गेलेले असतात, कुणाचा वाडा पाडायचा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की असे खासगी कागद कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जायला हवेत. गावातल्या स्मारकात नकोत आणि पुढाऱ्याच्या ट्रस्टमध्ये तर नकोतच. यावर गावात मला बरंच ऐकून घ्यावं लागतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

10 सप्टेंबर 1942 ला इस्लामपुरात कचेरीवर मोर्चा आला, गोळीबार झाला आणि उमाशंकर पंड्या व विष्णू बारपटे हुतात्मा झाले. आदल्या दिवशी वडूजला, त्याआधी आठवड्याभरापूर्वी तासगावला मोर्चे निघाले होते. पुढे येडे मच्छिंद्रच्या क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्यावरची भाषणं आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण या इतिहासाची एक मोठी अडचण भाषणात कधी येत नाही: भूमिगत माणूस कागद ठेवत नाही. चिठ्ठी आली की वाचायची आणि चुलीत घालायची. प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी गावोगाव तंटे सोडवले, दारूभट्ट्या मोडल्या, हुंड्याविना लग्नं लावली. त्याची लेखी नोंद म्हणजे अटकेला आमंत्रण. सरकारी बाजूचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात मिळतात, पण ते पोलिसांच्या नजरेतून लिहिलेले. मग आपल्या माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेलं काय उरलं?

उरली ती पेन्शनची फाइल. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, 1972 मध्ये, केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले आणि निवृत्तिवेतनाची योजना आणली. तुरुंगात गेलेल्याला दाखला मिळत होता. भूमिगत राहिलेल्याने मात्र सहा महिने फरारी होतो हे सिद्ध करायचं, तेही ज्याने नाव-गाव लपवण्यातच शहाणपण मानलं त्याने! मग अर्जदार बसून लिहायचा, नाहीतर शाळेतल्या गुरुजींकडून लिहून घ्यायचा: कुठल्या महिन्यात कुणाच्या वस्तीवर झोपलो, भाकरी कोण आणून देत होतं, कुठल्या ओढ्यातून पळालो. सोबत तुरुंगवास भोगलेल्या सहकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, की हा माझ्याबरोबर होता. जिल्हा गौरव समितीने शंका काढली की पुन्हा खुलासा, पुन्हा नवा तपशील. अशी एक फाइल माझ्या हातात आली तेव्हा मी ती उभ्याउभ्याच वाचून काढली. अर्जदाराच्या पहिल्या निवेदनात भाकरी देणारी बाई "एक महिला" होती. तिसऱ्या खुलाशात, समितीने पुरावा मागितल्यावर, तिचं नाव, तिचा मळा आणि ती भाकरी वैरणीच्या भाऱ्यात लपवून आणायची हे सगळं आलेलं होतं. त्या बाईने स्वतः कधी अर्ज केला नाही. तिचा उल्लेख जगात फक्त त्या कागदावर आहे, आणि तो कागद टाचणीच्या गंजाने मधोमध फाटलेला.

हे कागद खरंच सांगतात असं नाही. पेन्शनसाठी लोकांनी काय काय रचलं हे बीडच्या बनावट स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणात सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. पण एकाच गावातल्या दहा फायली शेजारी ठेवल्या की कोण कुणाची साक्ष देतो, कुणाचं टाळतो, कुठल्या वाड्यातल्या लोकांना सहकारीच मिळत नाहीत, हे दिसायला लागतं. त्यासाठी दहा फायली एका छताखाली पाहिजेत. दहा घरांच्या दहा माळ्यांवर त्या असतात तोवर प्रत्येक फाइल म्हणजे आपापल्या आजोबांचं कौतुक.

क्रांतिसिंहांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी उतारवयात पी. साईनाथ यांना सांगितलेली गोष्ट बऱ्याच जणांनी वाचली असेल. 1943 मध्ये भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर त्यांनी आणि एका सहकाऱ्याने नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग केलं. त्याने इतकं मारलं की पोलीस सोडवायला बाहेर आले, आणि मागच्या मागे कार्यकर्त्यांनी चौकीतली हत्यारं पळवली. ही हकीकत ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहात, 'पारी'त, नोंदवली गेली ती हौसाताई नव्वदी ओलांडल्यानंतर. सप्टेंबर 2021 मध्ये त्या गेल्या. नाना पाटील 1976 ला, प्रतिसरकारातले त्यांचे सहकारी जी. डी. बापू 2011 ला, नागनाथअण्णा 2012 ला. कासेगावात राहून गेल ऑम्व्हेट यांनी साताऱ्याच्या प्रतिसरकारवर लिहिलं, ए. बी. शिंदे यांचं इंग्रजी पुस्तक 1990 चं. या अभ्यासकांना विचारायला हाडामांसाची माणसं होती. आता विचारायला कागदच आहेत, आणि त्यांनाही कसर लागलीय.

बरं, सगळ्या ट्रंकांत क्रांती नसते. बहुतेकींत नसतेच. कुळकायद्याच्या दाव्याच्या तारखा, सोसायटीची पासबुकं, कारखान्याची उसाची बिलं, लग्नपत्रिकांचा गठ्ठा, जावळाचा खर्च. आणि मनीऑर्डरची कुपनं. वाळवा-शिराळ्यातली किती माणसं गिरणीत होती हे वेगळं सांगायला नको. मनीऑर्डरच्या फॉर्मखाली मजकुराला जेमतेम दोन-तीन ओळींची जागा असायची. पोस्टमन पैसे मोजून देताना तेवढा तुकडा फाडून द्यायचा. एका घरात असे तुकडे सुतळीत ओवून खुंटीला टांगलेले होते. "पैसे पावल्याचे कळविणे. म्हैस विकू नये. धाकटीचा हात दाखवून आणणे." पुढच्या महिन्याच्या तुकड्यावर "म्हैस विकल्याचे समजले". एवढंच. रागाची सगळी जागा त्या एका ओळीत संपलेली. 1982 चा संप सुरू झाल्यावर तुकडे विरळ होत जातात आणि मग सुतळी संपते. गिरणगावावर ढीगभर पुस्तकं आहेत, पण ती मुंबईच्या बाजूने लिहिलेली. गावाकडची बाजू या सुतळीवर आहे. घरातल्या सूनबाईंनी मला विचारलं, "मॅडम, ह्यात काय हाय वो? भंगारवाल्याला घालणार हुतो." किलोच्या भावात त्याचे दहा रुपयेसुद्धा आले नसते.

विद्यापीठात हे होऊ शकतं का? झालेलं आहे. वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, उमेदीची वर्षं शिरोड्याच्या शाळेत, उत्तरायुष्य कोल्हापुरात. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या या लेखकाचं स्मृतिसंग्रहालय शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आहे. तिथे त्यांच्या वापरातल्या वस्तू आहेत, हस्तलिखितं आहेत, पत्रं आहेत. सहलीची पोरं वस्तूंपुढे गर्दी करतात, करू देत. पण ते उभं करणाऱ्या डॉ. सुनीलकुमार लवटे यांनी खांडेकरांचं असंकलित लेखन संपादित करून कितीतरी पुस्तकं काढली, हा माझ्या लेखी त्या जागेचा खरा हिशेब. चष्म्यातून नवं पुस्तक निघत नाही. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार स्वतः इतिहासाचे, 'ताराबाईकालीन कागदपत्रे' संपादित करणारे. म्हणजे कागदाची कदर 1962 पासून त्या संस्थेच्या पायात आहे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात खैरमोडे संग्रह आहे. चांगदेव खैरमोडे आपल्या सातारा जिल्ह्यातले. त्यांनी बाबासाहेबांचं अनेक खंडांचं चरित्र लिहिताना जमवलेले कागद आज जगभरचे अभ्यासक तळटीपांत उद्धृत करतात. ते कागद घरच्या कपाटातच राहिले असते तर तळटीप कुठली आणि अभ्यासक कुठला!

आता विरोधाचं. "आमचा ठेवा कोल्हापूरला का?" हा प्रश्न चहाच्या दुकानातही विचारला जातो आणि संस्थाचालकांच्या केबिनमध्येही. प्रश्न खोटा नाही, त्याला जुनी जखम आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जन्मभर कागद, चित्रं, नकाशे जमवले. मेणवलीच्या वाड्यातलं नाना फडणीसांचं दफ्तर त्यांच्याकडे आलं. 1925 मध्ये साताऱ्यात त्या संग्रहाचं संग्रहालय झालं, पुढच्याच वर्षी पारसनीस गेले आणि 1939 मध्ये सगळा संग्रह पुण्याला डेक्कन कॉलेजात हलवला. साताऱ्याची जुनी माणसं याबद्दल अजून हळहळतात. मला मात्र वाटतं, पारसनीसांच्या माघारी तो संग्रह साताऱ्यात राहिला असता तर आज त्यातलं किती शिल्लक असतं याची खात्री कुणी द्यावी. इथे वर्षाला नवा अध्यक्ष येतो आणि पहिली गोष्ट खोली रिकामी करतो. डेक्कन कॉलेजात ते दफ्तर आज मागितलं की रुमाल सोडून समोर ठेवतात. दुसरीकडे मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद नकलून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे भाग काढले. मिरजेचं काम मिरजेत झालं, पण त्यासाठी खरे शास्त्री जन्मावा लागतो. प्रत्येक तालुक्यात तो जन्मेल या भरवशावर राहता येत नाही.

शिवाय अंतराचा मुद्दा पूर्वीइतका राहिलेला नाही. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांचे कागद 2014 मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाने 22 लाख डॉलर मोजून घेतले तेव्हा कोलंबियातही असाच ओरडा झाला. तीन वर्षांत विद्यापीठाने त्यातली हजारो पानं स्कॅन करून सगळ्यांना खुली केली. मी ती इस्लामपुरात बसून पाहिली, एक अक्षर समजलं नाही ही गोष्ट वेगळी, पण खाडाखोड दिसली. अण्णा भाऊ साठे आमच्या वाटेगावचे. 2022 मध्ये मॉस्कोच्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला, त्याचा मला अभिमान आहे. पण 'फकिरा'च्या खर्ड्यातली खाडाखोड बघायला मिळाली तर मी तो पुतळा क्षणभर विसरेन. मूळ कागद कोल्हापूरला नियंत्रित हवेत राहावेत आणि त्यांच्या स्कॅन प्रती इस्लामपूरच्या सार्वजनिक वाचनालयात संगणकावर बघता याव्यात, एवढं झालं तरी गावाचा मान राहतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेच्या पुरात सांगली नगर वाचनालयाच्या पुस्तकांची काय गत झाली ते ज्यांनी पाहिलं, त्यांनी तरी "इथेच ठेवा" असा हट्ट धरू नये.

लोकांना कागदाची किंमत कळत नाही, असंही मी म्हणणार नाही. 2023 च्या शेवटी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम चालू झालं, तेव्हा या तालुक्यातल्या ट्रंका एका दमात उघडल्या. मोडी वाचणाऱ्यांना तर सोन्याचा भाव आला. एरवी मोडीच्या वर्गाला माणसं गोळा करताना आमची दमछाक व्हायची, आणि आता पहाटे फोन. पण शोध एका शब्दापुरता होता. तो सापडला की त्या पानाचा फोटो, आणि नाही सापडला की गठ्ठा परत ट्रंकेत, पूर्वीपेक्षा वाईट बांधून. त्याच पानांवर दुष्काळात सूट मागणारे अर्ज होते, विहिरीच्या वाटणीचे करार होते, गावकीचे निवाडे होते. ते कुणाला नकोच होते. सरकारने त्या वेळी प्रत्येक तालुक्यात एक स्कॅनर आणि एक यादी करणारा माणूस ठेवला असता तर पश्चिम महाराष्ट्राच्या शंभर वर्षांचा अभ्यास करण्याइतका ऐवज हाताशी आला असता. संधी गेली.

कागद द्यायला लोक का कचरतात याचं खरं कारण अभिमान नाही, बांध आहे. जुनं खरेदीखत, गहाणखत, भावाभावांतला तोंडी वाटणीचा लेखी पुरावा बाहेर गेला आणि उद्या कुणी कोर्टात आणून टाकला तर? ही भीती शहरातल्या प्राध्यापकांना कळत नाही, ते "सांस्कृतिक वारसा" वगैरे बोलतात आणि समोरचा मनात सातबारा मोजत असतो. यावर उपाय आहे आणि तो जगभर वापरतात. जमिनीचे चालू कागद घरच्यांनी आधीच बाजूला काढून ठेवावेत. उरलेल्यांचं लेखी दानपत्र करावं आणि त्यात स्वच्छ लिहावं: अमुक गठ्ठा इतकी वर्षं कुणाला दाखवू नये, अमुक पत्रांना घरच्यांची परवानगी लागेल, स्कॅन प्रत आम्हाला मिळेल. हे लेखी का हवं ते दिल्लीतल्या वादावरून शिकावं. नेहरूंच्या कागदांच्या 51 पेट्या 2008 मध्ये नेहरू स्मारक ग्रंथालयातून सोनिया गांधींकडे गेल्या आणि आता संस्था त्या परत मागते आहे. कुटुंबाचं काय आणि देशाचं काय, हे पहिल्या दिवशी दोघांनी सही करून ठरवलेलं बरं असतं. पंतप्रधानांच्या कागदांचं हे, तर आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं काय घेऊन बसलात.

विद्यापीठालाही सुनावायला हवं. दान घेतलेले कागद पोत्यात बांधून जिन्याखाली पडलेले मी एका संस्थेत पाहिलेत, आणि देणाऱ्या घरच्यांनीही पाहिलेत. त्या घराने पुन्हा कुणालाही चिठोरं दिलं नाही. गठ्ठा आला त्या दिवशी दाखल नोंदवहीत नोंद, देणाऱ्याला पोच आणि वर्षभरात यादी. एवढं जमत नसेल तर घेऊ नये. विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाने आपल्या तिन्ही जिल्ह्यांत, सातारा, सांगली आणि कोल्हापुरात, वर्षातून दोनदा गाडी पाठवावी. पेठ नाक्यावरून कोल्हापूर तासाभराचं आहे; माणसं ट्रंका घेऊन विद्यापीठात येणार नाहीत, विद्यापीठाने यावं. पदरमोड करायला आजी-माजी विद्यार्थी आहेत, साखर कारखाने आहेत. एका पुतळ्याच्या चौथऱ्याच्या खर्चात दोन वर्षं गाडी आणि यादीकाराचा पगार सहज निघेल.

तोवर घरी काय करू नये एवढंच सांगते. लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटलेला कागद पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षर खातो. टाचण्या काढा. ताम्रपट पितांबरीने घासून लख्ख करायचा असेल तर करा, निदान त्याखालची फाइल पुसायला जाऊ नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्वतः निवड करत बसू नका. घरचे लोक मुख्यमंत्र्यांचं छापील अभिनंदनपत्र ठेवतात आणि वाण्याच्या उधारीची वही फेकतात. पत्र हजार घरांत एकाच मजकुराचं असतं.

सध्या ज्या घराशी बोलणं चालू आहे तिथे अशीच एक वही आहे. आजोबा गावात अडीनडीला पैसे द्यायचे. कुणी किती नेले, कुणी फेडले, कुणी बुडवले, कुणी बैल देऊन भागवलं, सगळं त्यांच्या हातचं. नातू वही द्यायला तयार आहे, पण बुडवणाऱ्यांची नावं काळ्या शाईने खोडून.

"अरे, नावं खोडली तर उरलं काय त्यात?"

"मॅडम, त्यातल्या तिघांच्या घरात आमच्या सोयरिकी झाल्यात."

मी म्हटलं, तीस वर्षं मोहोरबंद ठेवू. तो म्हणाला, पन्नास करा. बरं, पन्नास. त्याची आई आतून ओरडली की साठ लिहून घे. साठ तर साठ; वही आधी खोडल्याशिवाय गाडीत चढू दे.